मन कुठे ठेवावे?

हल्ली शहरातल्या कोणत्याही वस्तीत संध्याकाळी फेरफटका मारला, तर शाळेच्या पटांगणावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर पांढऱ्या सैल कपड्यांतली, कमरेला रंगीत पट्टे बांधलेली मुले हवेत गुद्दे मारताना दिसतात. पट्टा पांढऱ्याचा पिवळा झाला की घरात पेढे वाटले जातात. वर्गाच्या माहितीपत्रकात मात्र गुद्द्यांपेक्षा मनाचीच जाहिरात मोठी असते. एकाग्रता वाढेल, राग ताब्यात राहील, आत्मविश्वास येईल आणि या साऱ्यामागे 'झेन' नावाचे प्राचीन तत्त्वज्ञान आहे, असे त्यात छापलेले असते. एखादा चौकस पालक विचारतो, "हे झेन म्हणजे नेमके काय? ते कुठे वाचायला मिळेल?" उत्तरादाखल पुष्कळदा एखादी गोष्ट ऐकायला मिळते आणि फारच झाले तर एखाद्या इंग्रजी पुस्तकाचे नाव. खरे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर देता येण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी नदीच्या मुखाकडून उगमाकडे चालत जावे लागते. आणि वाटेत काही आवडत्या गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

'झेन' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचे माहेर आपल्याकडचेच आहे. संस्कृतातले 'ध्यान' पालीत 'झान' झाले, चीनमध्ये त्याचे 'चान' झाले आणि जपानात पोचल्यावर 'झेन'. एइसाई आणि दोगेन या दोन भिक्षूंनी बाराव्या शतकाच्या अखेरीस व तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमधून आणलेल्या परंपरा जपानात रुजल्या. त्यांतूनच पुढे रिन्झाई आणि सोतो हे दोन मोठे पंथ वाढले. म्हणजे झेन हा मुळात बौद्ध धर्म आहे. स्वस्थ बसणे हे त्याचे मुख्य काम. त्याच्या हातात तलवार कशी आली, हाच आपला आजचा विषय.

भिंतीकडे तोंड करून बसलेला गुरू

कराटेच्या अथवा कुंगफूच्या वर्गात सांगितली जाणारी पहिली गोष्ट बोधिधर्माची. दक्षिण भारतातला एक राजपुत्र भिक्षू होऊन चीनला गेला, शाओलिन मठाजवळच्या गुहेत नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला, मठातले भिक्षू ध्यानाला बसल्याबसल्या पेंगतात हे पाहून त्याने त्यांना व्यायाम शिकवला आणि त्यातूनच सगळी मुष्टियुद्धे जन्मली, अशी ही कथा. आपल्याकडे ती ऐकताना छाती फुगते. २०११ साली 'एळाम अरिवु' या तमिळ चित्रपटाने ती पडद्यावरही आणली.

या कथेचे दोन भाग निरनिराळे तपासले पाहिजेत. बोधिधर्म नावाचा परदेशी भिक्षू चीनमध्ये होता, याला जुना आधार आहे. ५४७ साली लिहिलेल्या लोयांग नगरातील विहारांच्या एका वर्णनात त्याचा उल्लेख येतो. त्या लेखकाने त्याला इराणकडचा म्हटले आहे, तर दुसऱ्या एका जुन्या लेखकाने दक्षिण भारतातला. चान परंपरेने त्याला आपला आद्य गुरू मानले ते पुढे. त्या जुन्या लेखनात गुद्दे नाहीत की लाथा नाहीत. ज्या व्यायामग्रंथावर ही कथा उभी आहे, त्याचे नाव 'यीजिन जिंग', म्हणजे स्नायूंचा कायापालट सांगणारा ग्रंथ. तो बोधिधर्माच्या नावावर असला, तरी अभ्यासकांनी त्याचा काळ १६२४ हा ठरवला आहे. मधे हजार वर्षांहून अधिक अंतर पडले! चिनी संशोधक तांग हाव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या दंतकथेचा पाया पोकळ असल्याचे दाखवले होते.

मग शाओलिनचे भिक्षू लढत नव्हते काय? लढत होते. ६२१ साली पुढे सम्राट झालेल्या ली शिमिन याला मठातल्या तेरा भिक्षूंनी लढाईत मदत केली, आणि ती हकीकत कोरलेला ७२८ सालचा शिलालेख मठात आजही आहे. सोळाव्या शतकात किनाऱ्यावरच्या चाच्यांविरुद्ध या भिक्षूंच्या काठ्या चालल्याची नोंद आहे. हा सगळा इतिहास मेइर शाहार यांच्या 'द शाओलिन मॉनस्टरी' या २००८ साली निघालेल्या पुस्तकात साधार दिला आहे. जमीनजुमला राखण्यासाठी मठाला शस्त्र लागत होते, ही त्यातली साधी गोष्ट दंतकथेइतकी रंगतदार नसेल. पण माणसांचे व्यवहार कसे चालतात हे तिच्यात अधिक दिसते.

अंधारातले दोन बाण

दुसरी गोष्ट पुस्तकातली. ओइगेन हेरिगेल नावाचे जर्मन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक १९२४ ते १९२९ या काळात जपानातल्या सेंदाई येथील विद्यापीठात शिकवीत होते. गूढवादाची त्यांना आधीपासूनच ओढ होती. तिथे ते आवा केन्झो या नामांकित धनुर्धराकडे धनुर्विद्या शिकले. त्या शिक्षणावर त्यांनी १९४८ साली एक छोटे पुस्तक लिहिले. १९५३ साली 'झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी' या नावाने ते इंग्रजीत आले आणि जगभर गाजले. 'अमुक कलेतले झेन' अशा नावाची जी शेकडो पुस्तके पुढे निघाली, त्या सर्वांचे हे मूळ. पुण्यातल्या रजनीशांच्या प्रवचनांतूनही हेरिगेलची गोष्ट येते.

पुस्तकातला सर्वांना आठवतो तो प्रसंग रात्रीचा. शिष्याच्या मनात शंका येते. गुरू त्याला काळोखात बोलावतात. निशाणासमोर एका बारीक उदबत्तीचा ठिपका तेवढा जळतो आहे. गुरू दोन बाण सोडतात. पहिला निशाणाच्या मधोमध लागतो आणि दुसरा पहिल्या बाणालाच चिरत जातो. बाण मी सोडला नाही, 'ते' सोडते, असा त्या पुस्तकाचा सांगावा आहे.

यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने या पुस्तकाची कसून तपासणी केली. त्यांचा निबंध २००१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि २००९ साली 'शॉट्स इन द डार्क' हे पुस्तक निघाले. त्यांनी काढलेले मुद्दे कोणाही सुज्ञ वाचकाला पटण्यासारखे आहेत. हेरिगेलना जपानी भाषा बेताचीच येत होती आणि गुरुशिष्यांचा संवाद दुभाष्याच्या मदतीने चाले. त्या रात्री तर दुभाषी हजरच नव्हता. आवा यांनी पुढे आपल्या एका शिष्याजवळ सांगितले, की दुसरा बाण पहिल्याला लागला हा निव्वळ योगायोग होता. 'ते सोडते' हे गूढ वाक्य आवा यांनी दुसऱ्या कुणाला शिकवल्याची नोंद सापडत नाही. बाण चांगला सुटला की जपानी गुरू 'हं, हेच ते!' अशा अर्थाचे जे साधे उद्गार काढतो, त्यांचाच तो चुकलेला अनुवाद असावा, असा यामादांचा तर्क आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवा केन्झो हे झेनचे साधक नव्हतेच. त्यांनी स्वतःचाच एक पंथ काढला होता.

एवढे कळल्यावर हेरिगेलचे पुस्तक रद्दीत घालावे काय? तसे करण्याचे कारण नाही. एका चिकट, बुद्धिमान विद्यार्थ्याचे हात आणि मन बरीच वर्षे एकमेकांशी कसे भांडत राहिले, याचे त्यातले वर्णन उत्तम आहे. पेटीवर बोट ठेवणाऱ्या, चित्र काढणाऱ्या, पोहायला शिकणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. मात्र ते एका जर्मन गृहस्थाचे पुस्तक म्हणून वाचावे. जपानी धनुर्विद्येचा इतिहास म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

एका भिक्षूचे पत्र

मग खरा ऐवज कुठे आहे? तो सतराव्या शतकातल्या एका पत्रात आहे. ताकुआन सोहो (१५७३ ते १६४५) हा रिन्झाई पंथाचा भिक्षू मोठा मानी. मठांच्या कारभारात सरकारने ढवळाढवळ केली तेव्हा त्याने विरोध केला आणि १६२९ साली हद्दपारी पत्करली. याग्यु मुनेनोरी (१५७१ ते १६४६) हा तोकुगावा शोगुनांचा शस्त्रगुरू आणि त्याचा स्नेही. त्याला ताकुआनने जे लांबलचक पत्र लिहिले, त्याचे नाव 'फुदोची शिनम्योरोकु', म्हणजे अचल प्रज्ञेच्या गूढाविषयीचे टिपण. स्वतः तलवारबाज नसलेल्या माणसाने देशातल्या श्रेष्ठ तलवारबाजाला तलवारीविषयी लिहावे, हीच मोठी नवलाची गोष्ट. झेन आणि शस्त्र यांच्या संबंधावर आजवर जे काही लिहिले गेले, त्यातले बरेचसे या एका पत्राचेच पडसाद आहेत.

पत्रातला मुख्य प्रश्न घरगुती आहे. मन कुठे ठेवावे? समोरच्याच्या तलवारीवर ठेवले, तर तलवार ते पळवून नेते. स्वतःच्या तलवारीवर ठेवले, तर तिथे ते अडकते. आपल्या पवित्र्यावर ठेवले, तर पवित्रा ते गिळतो. मग बेंबीखाली कोंडून ठेवावे, असे काही जण म्हणतात. ताकुआनला तेही पुरेसे वाटत नाही, कारण कोंडणे हेसुद्धा अडकणेच झाले. त्याचे उत्तर असे, की मन कुठेच ठेवू नये. ठेवले नाही, म्हणजे ते पाण्यासारखे सगळ्या अंगात पसरते. हाताला हवे तेव्हा हातात असते आणि पायाला हवे तेव्हा पायात.

यासाठी त्याने घेतलेले दृष्टान्त आपल्याला जवळचे वाटतील. सहस्रभुज अवलोकितेश्वराचे मन धनुष्य धरलेल्या एकाच हातावर थांबले, तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निकामी होतील. हा अवलोकितेश्वर परका नव्हे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती मुंबईकराला रविवारी जाऊन पाहता येते. 'अचल' हे नावही आपल्याकडूनच तिकडे गेले. हातात तलवार आणि पाश घेतलेला जपानचा फुदो म्योओ म्हणजे बौद्धांचा अचलनाथ. पण अचल याचा अर्थ दगडासारखा निश्चल नव्हे, हे ताकुआन बजावून सांगतो. हात, पाय, डोळे सगळे हलत असताना मन कशातही गुंतून पडत नाही, त्या स्थितीला तो अचल म्हणतो.

नवशिक्याबद्दल त्याने लिहिलेला मजकूर तर प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. अगदी कोऱ्या माणसावर कुणी वार केला, तर तो आपसूक हात वर करतो. त्याचे मन कुठे अडकत नाही, कारण त्याला काही येतच नाही. मग तो शिकू लागतो आणि पाय कसा, मनगट कसे, नजर कशी या विचारात पूर्वीपेक्षा वाईट लढू लागतो. वर्षांमागून वर्षे गेली की शिकलेले अंगात मुरते आणि तो पुन्हा पहिल्यासारखा मोकळा होतो. पहिली आणि शेवटची पायरी सारखी दिसते. स्वरांची चढण संपली की वरचा आणि खालचा स्वर शेजारी येतात, असा संगीताचा दाखला ताकुआन इथे देतो. आपल्याकडे षड्जापासून तार षड्जापर्यंत जाणाऱ्या गाणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मुलगा सहा महिन्यांनंतर आधीपेक्षा अवघडलेला दिसतो म्हणून वर्ग बदलणाऱ्या आईबापांनी एवढा भाग तरी वाचावा.

या पत्राचा इंग्रजी अनुवाद विल्यम स्कॉट विल्सन यांनी 'द अनफेटर्ड माइंड' या नावाने केला असून तो १९८६ सालचा आहे. पुस्तक लहान आहे. ज्याला एकच पुस्तक घ्यावयाचे असेल त्याने हे घ्यावे.

दोन तलवारबाज

पत्र ज्याला आले, त्या मुनेनोरीने १६३२ साली 'हेइहो कादेन्शो' हा आपल्या घराण्याचा ग्रंथ पुरा केला. ताकुआनच्या विचारांची छाया त्यात स्पष्ट दिसते. मुनेनोरी मनाच्या अडकण्याला रोग म्हणतो. जिंकायचेच हा विचार रोग, शिकलेला डाव दाखवायचाच हा विचार रोग, इतकेच काय, आपला रोग घालवायचाच हा विचारही रोग. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप यावी म्हणून धडपडणाऱ्याला झोप का येत नाही, ते यावरून कळेल. हा ग्रंथ विल्सन यांच्या 'द लाइफ-गिव्हिंग स्वर्ड' या २००३ सालच्या अनुवादात वाचता येतो.

मियामोतो मुसाशीचे नाव त्याहून अधिक लोकांना ठाऊक असते. साठाहून अधिक द्वंद्वांत आपण हरलो नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. १६४३ साली त्याने 'गोरिन नो शो', म्हणजे पंचचक्रांचा ग्रंथ, लिहावयास घेतला आणि १६४५ साली तो वारला. भूमी, जल, अग्नी, वायू आणि शून्य अशी त्याची पाच प्रकरणे. ही नावे वाचून आपल्याला पंचमहाभूते आठवतात आणि आत वेदान्त असेल असे वाटते. प्रत्यक्षात मुसाशी आरंभीच सांगून टाकतो, की बुद्धाची किंवा कन्फ्यूशियसची वचने आपण उसनी घेणार नाही. पुढे तो पाय कसा टाकावा, अंतर कसे ओळखावे, समोरच्याची लय कशी मोडावी, हे मिस्त्रीने कारागिराला सांगावे तशा भाषेत सांगतो. सेनापतीची तुलनाही तो सुतारांच्या मुकादमाशी करतो. 'शून्य' हे प्रकरण अगदीच थोडक्यात आटोपते. जो ग्रंथ झेनचा म्हणून दुकानात मांडलेला असतो, त्याचा कर्ता असा हात झटकून मोकळा झालेला आहे! तरीही तो वाचावा. कारण कसबाविषयी इतके कोरडे आणि स्वच्छ लेखन विरळा. विक्टर हॅरिस यांचा १९७४ सालचा अनुवाद रूढ आहे. थॉमस क्लिअरी यांच्या १९९३ सालच्या आवृत्तीत मुसाशी आणि मुनेनोरी दोघेही एकत्र सापडतात.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जपानच्या साऱ्या शस्त्रपरंपरा झेनच्या नव्हेत. कातोरी देवस्थानाशी निगडित असलेली तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो र्‍यू ही अतिशय जुनी परंपरा शिंतो देवता आणि तांत्रिक बौद्ध धर्म यांच्या आधारावर उभी आहे. तिच्यात हाताच्या मुद्रा आहेत, मंत्र आहेत आणि मारिशितेन नावाची देवता आहे. ही मारिशितेन म्हणजे आपल्याकडची मरीची. कराटे तर ओकिनावा बेटावरचे. 'कारा' हा शब्द पूर्वी 'चीन' या अर्थाच्या अक्षराने लिहीत. विसाव्या शतकात शाळामास्तर असलेल्या फुनाकोशी गिचिन यांनी त्याच उच्चाराचे 'रिकामा' या अर्थाचे अक्षर रूढ केले. तेव्हापासून कराटे म्हणजे रिकामा हात. हे करताना रूप आणि शून्यता यांचे नाते सांगणाऱ्या हृदयसूत्राचा आधार त्यांनी घेतला. तेव्हा कराटेत बौद्ध विचार आहे, हे खोटे नाही; पण तो प्राचीन काळापासून चालत आलेला नसून एका विचारी शिक्षकाने अलीकडे जाणूनबुजून आणलेला आहे.

दोन्हींचा खरा मेळ एकाच माणसात पाहावयाचा असेल, तर यामाओका तेश्शूचे चरित्र वाचावे. १८३६ साली जन्मलेला हा सामुराई १८६३ साली आसारी नावाच्या तलवारबाजापुढे हरला. त्यानंतर डोळे मिटले की आसारीची आकृती त्याच्यासमोर उभी राही. त्याने दिवसा तलवार घेतली आणि रात्री ध्यान केले. तेकिसुई या झेन गुरूने दिलेले कोडे तो वर्षानुवर्षे घोळवीत राहिला. १८८० च्या मार्च महिन्यात एका पहाटे ती आकृती नाहीशी झाली. म्हणजे सतरा वर्षे लागली! 'द स्वर्ड ऑफ नो-स्वर्ड' हे जॉन स्टीव्हन्स यांचे चरित्र १९८४ साली निघाले. तीन महिन्यांत मनःशांती देऊ करणाऱ्या माहितीपत्रकाशेजारी ते ठेवून पाहावे.

रिकाम्या मनात काय भरते?

आता या विषयातला सर्वांत अवघड भाग. तो टाळला, तर बाकीचे वाचन वाया जाईल.

झेन आणि तलवार यांची सांगड जगाला पटवून दिली ती मुख्यतः दाइसेत्सु सुझुकी (१८७० ते १९६६) यांनी. त्यांचे जपानी संस्कृतीवरचे इंग्रजी पुस्तक प्रथम १९३८ साली निघाले आणि वाढवलेली आवृत्ती 'झेन अँड जॅपनीज कल्चर' या नावाने १९५९ साली आली. विद्वत्ता आणि गोडवा यांत ते अजोड आहे. तलवारबाजीवरची लांब प्रकरणे आणि ताकुआनचे पत्रही त्यात आहे. पण पहिल्या आवृत्तीचे साल पुन्हा एकदा पाहावे. १९३८ साली जपानी फौजा चीनमध्ये लढत होत्या. त्या काळात अनेक झेन गुरूंनी सैनिकांना हाच उपदेश केला, की मन शून्य करावे, मरणाचा विचार करू नये, मारणारा आणि मरणारा हा भेद करू नये. ब्रायन व्हिक्टोरिया हे स्वतः सोतो पंथाचे दीक्षित भिक्षू. त्यांनी १९९७ साली 'झेन ॲट वॉर' या पुस्तकात ही सारी वचने गोळा करून मांडली. सोतो पंथाने १९९२ साली आणि रिन्झाईच्या म्योशिन्जी शाखेने २००१ साली युद्धकाळातल्या आपल्या वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. हेरिगेल हेही १९३७ साली नाझी पक्षात गेले होते.

तेव्हा शांत, न डगमगणारे मन ही एक शक्ती आहे. ते मन चांगलेच असेल अशी हमी मात्र त्यात नाही. शल्यविशारदाचा हात ज्या मनाने स्थिर राहतो, त्याच मनाने मारेकऱ्याचाही राहू शकतो. आपल्याला गीतेतला स्थितप्रज्ञ आठवेल. पण गीतेतही अर्जुनाचा पहिला प्रश्न हात कसा स्थिर राहील हा नव्हता. हे युद्ध करावे की करू नये, हा होता. तो प्रश्न न विचारता स्थैर्य तेवढे उचलले, तर हाती शस्त्र तेवढे उरते.

मौज अशी, की ताकुआनला हे ठाऊक होते. ज्या पत्रात तो मन कुठेच ठेवू नको म्हणून सांगतो, त्याच पत्राच्या शेवटी तो मुनेनोरीचे कान उपटतो. तुझ्या मुलाची वागणूक बरी नाही अशी बोलवा आहे. पण बापाचे वागणे नीट नसता मुलाला रागे भरण्यात काय अर्थ? तुला नाचण्याचा नाद आहे, आपल्या नाट्यकलेचा तुला गर्व आहे, सरदारांशी तू पक्षपाताने वागतोस, हे सुधार. शोगुनच्या शस्त्रगुरूला हे लिहिण्याची छाती एका भिक्षूला होती. युद्धकलेतल्या झेनचे गोडवे गाणारी पुस्तके हा शेवटचा भाग सहसा पुढे आणत नाहीत. अडकणारे मन सोडवायचे आणि घरात, कचेरीत नीट वागायचे, या दोन गोष्टी ताकुआनच्या मते एकाच शिक्षणाचे भाग होते. नुसती पहिली घेऊन चालणार नाही.

वाचनाचा क्रम

ज्यांना हा विषय खरोखर समजून घ्यावयाचा आहे, त्यांनी आधी बौद्ध धर्माची तोंडओळख करून घ्यावी. मराठी वाचकाला त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांचे 'भगवान बुद्ध' हे पुस्तक आजही वाचनीय आहे. त्यानंतर ताकुआनचे पत्र, मग मुनेनोरी आणि मुसाशी, मग तेश्शूचे चरित्र वाचावे. सुझुकी आणि हेरिगेल त्यानंतर घ्यावेत आणि लगेच यामादा व व्हिक्टोरिया यांची पुस्तके वाचावीत. यामादांचा निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याचे अंक नागोया येथील नान्झान विद्यापीठाच्या संस्थेने विनामूल्य वाचावयास ठेवले आहेत. पुस्तक मागवताना नावांची गफलत होऊ देऊ नये. 'झेन माइंड, बिगिनर्स माइंड' हे १९७० साली निघालेले सुंदर पुस्तक शुनर्‍यू सुझुकी या दुसऱ्याच गुरूंचे आहे. त्यात ध्यानाला कसे बसावे ते आहे, तलवार नाही. रजनीशांची झेनवरची प्रवचनेही रंजक आहेत. पण ती रजनीशांचे विचार म्हणून ऐकावीत.

वाचनाने जे कळते त्याला अर्थातच मर्यादा आहे, कारण ताकुआन ज्या मनाबद्दल लिहितो ते पानावर सापडत नाही. प्रत्यक्ष बसून पाहावयाचे असेल, तर तमिळनाडूत कोडाईकनालजवळ पेरुमलमलै येथे 'बोधी झेंडो' हे केंद्र १९९६ साली उभे राहिले. ते उभारणारे आमा सामी हे येशूसंघी ख्रिस्ती धर्मगुरू असून जपानात झेन शिकलेले, ही आपल्या देशाला शोभणारीच गोष्ट. मुंबईत वरळीला जपानी बौद्ध मंदिर आहे आणि तिथला ढोल ऐकून प्रसन्न वाटते. पण ते निचिरेन परंपरेचे आहे, तेव्हा झेनची चौकशी करीत तिथे जाणाऱ्याने एवढे आधीच ध्यानात ठेवावे.

राहता राहिला मुलांचा वर्ग. तिथल्या शिक्षकाने झेनवरची पुस्तके वाचली आहेत की नाहीत, याची फारशी काळजी पालकांनी करू नये. त्याऐवजी एक दिवस कोपऱ्यात बसून पाहावे. दुबळ्या मुलाशी जोडी लावताना तो काय सांगतो? हरलेला मुलगा रडू लागला तर काय करतो? स्वतःची चूक झाली तर ती मुलांसमोर कबूल करतो का? वर्गाबाहेर, रिक्षावाल्याशी, झाडलोट करणाऱ्या बाईंशी कसा बोलतो? ही परीक्षा ताकुआनच्या पत्रातलीच आहे. तो शिक्षक तिला उतरला, तर भिंतीवर बोधिधर्माचे चित्र असो वा नसो, मुलगा योग्य ठिकाणी शिकतो आहे असे समजण्यास हरकत नाही.